रोजची खांदेमळणी

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आजोबा बैलांना जेवायचं आवतण द्यायचे. निफाड तालुक्यातलं आमचं गाव, श्रावण संपत आलेला, अंगणात चिखल आणि दावणीला दोन बैल. ओढ्यावर धुऊन आणलेले, अजून ओलेच. आजोबा गरम पाण्यात फडकं बुडवून बैलाचा खांदा शेकायचे. मग हळद कालवलेलं लोणी तळहातावर घ्यायचे आणि जिथं जू बसतं नेमकं तिथं चोळायचे. त्या जागेवरचे केस झिजून गेलेले असायचे. कातडी जाड, काळी, गाठाळलेली. एखाद्या वर्षी फुटलेलीसुद्धा. लोण्याची वाटी धरायचं काम माझ्याकडे असे. मी एकदा विचारलं, "एवढा मोठा बैल सोडून नुसता खांदाच का?" आजोबा म्हणाले, "वझं कुठं असतं गं त्याचं? खांद्यावरच ना." चोळून झालं की बैलाच्या कानाशी वाकायचे आणि म्हणायचे, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." दुसऱ्या दिवशी त्या खांद्यावर जू चढत नसे.

आमच्याकडे याला खांदेमळणी म्हणतात, कुठं खांदशेकणी म्हणतात. आमच्या दावणीला आता बैल नाहीत, दारात ट्रॅक्टर आहे. पोळ्याला मातीची बैलजोडी येते आणि तिलाच पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात. पण ती संध्याकाळ माझ्या डोक्यातून गेलेली नाही. बैलानं वर्षभर काय केलं, हे आजोबा बोलून दाखवत नसत. ओझं जिथं बसलं होतं, त्या जागी हात ठेवत.

वाचकहो, माझं आजचं सांगणं त्या हाताबद्दल आहे. रोज रात्री झोपण्याआधी पाच मिनिटं काढा आणि स्वतःला विचारा, आज माझं ओझं कोणाच्या खांद्यावर होतं? जे उत्तर येईल ते दोन-तीन ओळींत लिहून ठेवा. जमेल तेव्हा त्या माणसाला सांगा. याला खर्च नाही, क्लास लावावा लागत नाही, मोबाइलमध्ये काही उतरवून घ्यावं लागत नाही. आणि यानं तब्येतीला फायदा होतो, असं आता मानसशास्त्राचे आणि वैद्यकाचे अभ्यासही सांगू लागले आहेत. फायदा किती होतो आणि कुठं थांबतो, तेही पुढं सांगते.

दिसेनासं का होतं

आपल्या भाषेत 'त्याला जाणीव आहे' असं म्हटलं की दोन अर्थ निघतात. त्याला कळतं, हा पहिला. आणि कोणी केलेलं तो विसरत नाही, हा दुसरा. 'मुलाला जाणीव नाही हो' असं एखादी आई म्हणते तेव्हा मुलगा मठ्ठ आहे असं तिला म्हणायचं नसतं. आपण खाल्लेल्या खस्ता त्याला दिसत नाहीत, हे तिचं दुखणं असतं. म्हणजे कृतज्ञता ही आधी दिसण्याची गोष्ट आहे, वाटणं त्याच्या मागून येतं. गोम अशी की जे रोज मिळतं ते दिसेनासं होतं.

नळाचंच घ्या. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अर्धं नाशिक गोदाघाटाकडे निघतं. दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं की कमरेला, यावर घरोघर चर्चा होते. पण याच गंगापूरचं, शिवाय दारणा आणि मुकण्याचं पाणी वर्षभर आपल्या स्वयंपाकघरात येतं आणि त्याची कोणी दखल घेत नाही. एखाद्या शनिवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद राहणार अशी बातमी आली की मात्र बादल्या, पिंपं, हंडे, सगळं भरून बसतं. श्वासाचंही तसंच आहे. २१ एप्रिल २०२१ ला आपल्याच शहरातल्या एका रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली आणि त्या दिवशी २२ रुग्ण गेले. त्या आठवड्यात नाशिकमधल्या प्रत्येकाला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. नंतर काही महिन्यांत तो पुन्हा ऐकू येईनासा झाला.

यात आपला दुष्टपणा नाही. मेंदूची घडणच तशी आहे. धोका, अपमान, नुकसान यांची नोंद तो ठळक करतो, कारण जगण्यासाठी त्यांची आठवण ठेवणं गरजेचं होतं. सुरळीत चाललेल्या गोष्टीकडे लक्ष द्यायची त्याला गरज वाटत नाही. दिवसभरात दहा माणसं नीट वागलेली असतात आणि एक तिरसटपणे बोललेला असतो. रात्री अंथरुणावर आपल्यासोबत येतो तो तिरसटच. त्याला बाजूला सारून उरलेल्या दहा जणांना थोडी जागा करून द्यायची, एवढंच रोजच्या या सवयीचं काम.

अभ्यास काय सांगतात

अमेरिकेतल्या रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. दोनशेच्या आसपास विद्यार्थी घेतले आणि त्यांचे तीन गट केले. प्रत्येकानं आठवड्यातून एकदा, असं दहा आठवडे, जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहायच्या. पहिल्या गटानं ज्यांबद्दल कृतज्ञ वाटलं त्या, दुसऱ्यानं ज्यांनी वैताग दिला त्या, तिसऱ्यानं नुसत्या घडलेल्या. दहा आठवड्यांनंतर पहिल्या गटाच्या अंगदुखी-डोकेदुखीसारख्या तक्रारी इतरांपेक्षा कमी निघाल्या. वैताग लिहिणाऱ्यांपेक्षा त्यांचा व्यायाम आठवड्याला जवळपास दीड तास जास्त झाला होता. व्यायाम करा असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. याच दोघांनी स्नायू आणि मज्जातंतूंचा आजार असलेल्या प्रौढांना २१ दिवस रोज असंच लिहायला लावलं. आजार होता तिथंच राहिला, पण ही माणसं जास्त झोपू लागली आणि उठल्यावर त्यांना जास्त ताजंतवानं वाटू लागलं.

झोपेचं कोडं इंग्लंडमधल्या ॲलेक्स वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी उलगडलं. त्यांचा ४०१ जणांचा अभ्यास २००९ चा. त्यातल्या बऱ्याच जणांना झोपेची तक्रार होती. ज्यांच्या स्वभावात कृतज्ञता जास्त, ते लवकर झोपी जात, त्यांची झोप लांब आणि चांगली असे. अंथरुणाला पाठ टेकल्यावर डोक्यात काय चालतं, यात त्याचं उत्तर सापडलं. कृतज्ञ माणसांच्या डोक्यात त्या वेळी चिंतेचे विचार कमी आणि बरे विचार जास्त होते. हे आपल्याला अनुभवानं कळण्यासारखं आहे. काळजीत पडलेलं शरीर पळायच्या तयारीत असतं. नाडी वाढते, रक्तदाब चढतो, कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक रक्तात उतरतं. अशा शरीराला झोप कशी येणार? हप्ता, मुलाची दहावी, सासऱ्यांचं ऑपरेशन असं एकामागून एक मोजत पडलेल्या माणसाला कूस बदलता बदलता दोन वाजतात.

हृदयाबद्दलही एक अभ्यास आहे. अमेरिकेतल्या सॅन दिएगो इथं पॉल मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयाला इजा झालेल्या, पण त्रास अजून जाणवू न लागलेल्या १८६ रुग्णांची पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध केली. जास्त कृतज्ञ असणाऱ्यांचा मूड बरा होता, झोप बरी होती, थकवा कमी होता आणि रक्तातली दाह दाखवणारी काही द्रव्यंही कमी होती. पुढच्या वर्षी तशाच ७० रुग्णांवर एक छोटा प्रयोग झाला. त्यातल्या काहींनी औषधोपचाराच्या जोडीला आठ आठवडे कृतज्ञतेची वही लिहिली आणि त्यांची दाहाची द्रव्यं घटलेली दिसली. सत्तर हा आकडा लहान आहे, हे ध्यानात ठेवा.

मोठा आकडा हवा असेल तर तोही आहे. अमेरिकेत परिचारिकांच्या तब्येतीचा एक अभ्यास अनेक दशकं चालू आहे. त्यातल्या ४९,२७५ ज्येष्ठ स्त्रियांना २०१६ मध्ये कृतज्ञतेबद्दलचे सहा प्रश्न विचारले गेले. त्यांचं सरासरी वय ७९ होतं. पुढच्या तीन-चार वर्षांत कोण हयात राहिलं हे तपासलं, तेव्हा सर्वांत कृतज्ञ असलेल्या एक तृतीयांश स्त्रियांना मृत्यूचा धोका सर्वांत कमी कृतज्ञ असलेल्यांपेक्षा ९ टक्क्यांनी कमी निघाला. आजारपण, पैसा, धर्माचरण, मनःस्थिती हे सगळं हिशेबात धरूनही. हा निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. कृतज्ञता होती म्हणूनच त्या जगल्या, असं यावरून छातीठोक म्हणता येत नाही. पण एखादी फुकटची सवय आणि नऊ टक्के यांचं नातं दिसत असेल, तर ती करून बघायला काय हरकत आहे?

गोळी चालू ठेवा

आता दुसरी बाजू. कृतज्ञतेच्या अशा सरावांवरचे २७ अभ्यास एकत्र करून दोन संशोधकांनी २०२१ मध्ये हिशेब मांडला. नैराश्य आणि चिंता यांच्या लक्षणांवर या सरावाचा परिणाम होतो, पण थोडा होतो, असं त्यांना आढळलं. नैराश्य हा आजार आहे. वहीनं तो बरा होत नाही. दोन-दोन आठवडे मन उदास राहत असेल, भूक-झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर वही बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडे जा. सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं. हा क्रमांक फ्रिजवर चिकटवून ठेवला तरी चालेल.

माझं स्वतःचं सांगते. मला बीपीची गोळी आहे आणि वही लिहायला लागून तीन वर्षं झाली तरी ती चालूच आहे. सुटेल अशी आशा मी धरलेली नाही. फरक पडला तो रात्री दोनला जाग आल्यावरच्या वेळेत. पूर्वी जाग आली की कोणी काय बोललं याची उजळणी पहाटेपर्यंत चालायची. आता जाग येते, नाही असं नाही. पण मी पुन्हा झोपते. दुसरा फरक घरातल्यांच्या लक्षात माझ्या आधी आला. मी स्वयंपाकघरात भांडी कमी आपटते म्हणे.

वही कशी लिहावी

मुलांची जुनी, अर्धी कोरी राहिलेली वही घ्या. उशाशी पेन ठेवा. मोबाइलमध्ये लिहू नका. लिहायला म्हणून उघडाल आणि व्हॉट्सॲपवर अर्धा तास जाईल.

तीन ओळी लिहा. त्याहून जास्त नको. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये जो प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात लोकांना आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी आणि त्या का घडल्या हे लिहायला सांगितलं होतं. ज्यांनी ते केलं त्यांचं समाधान सहा महिन्यांनंतरही वाढलेलं होतं, उदासी घटलेली होती. त्यांतही ज्यांनी आठवडा संपल्यावर आपणहून चालू ठेवलं, त्यांना लाभ जास्त. यातला 'का घडल्या' हा भाग सोडू नका. मी त्या 'का'चं 'कोणामुळे' केलं आहे, कारण आपल्या आयुष्यात बहुतेक 'का'च्या शेवटी एखादा माणूस निघतो.

ओळ कशी असावी आणि कशी नसावी, ते दाखवते. सुरुवातीला मी लिहायचे, 'चांगलं कुटुंब मिळालं. तब्येत ठीक आहे. देवाची कृपा.' चौथ्या दिवशी तेच, दहाव्या दिवशी तेच. हात लिहीत होता, डोकं दुसरीकडे होतं. मग मला आजोबांचा खांदा आठवला. पूर्ण बैलाला लोणी लावून भागत नाही, जागा शोधावी लागते. तेव्हापासून ओळी अशा झाल्या:

'घंटागाडी निघून गेली होती. मी पिशवी घेऊन जिन्यात. गाडीवरच्या ताईंनी मला बघून गाडी थांबवली, मागं आल्या.'

'वायरमन रात्री भर पावसात खांबावर चढला. नऊ चाळीसला लाइट आली. सासूबाईंचं नेब्युलायझर वेळेवर झालं.'

'आज खाल्लेली द्राक्षं. मणी एवढे सुटे, टपोरे. म्हणजे कोणीतरी घडात कात्री घालून विरळणी केली.'

तिसरी ओळ मुद्दाम दिली. दिंडोरी-निफाडच्या बागांमध्ये छाटणीपासून विरळणीपर्यंतच्या कामांना पेठ आणि सुरगाण्याकडून टोळ्या येतात. मान वर करून, हात वर धरून दिवसभर मांडवाखाली उभं राहायचं. संध्याकाळी खांदे काय म्हणत असतील? आपण घड उचलतो तेव्हा त्या बाईचं नावही माहीत नसतं. नाव माहीत नसलं तरी ओळ लिहिता येते, आणि तशी एक ओळ लिहिली की पुढच्या वेळी मजुरीच्या दराची बातमी वाचताना डोळा तिथं थांबतो.

रोज काय लिहायचं असा प्रश्न पडला, तर सकाळपासून निघा. दूध कोणी आणून टाकलं? डबा कोणी केला? सिटीलिंकची बस सुटत असताना कंडक्टरनं घंटी मारून थांबवली का? दवाखान्यात नंबर लावायला कोण उभं राहिलं? सातपूर-अंबडच्या कारखान्यात पाळी बदलताना कोणी दहा मिनिटं जास्त थांबलं, म्हणून तुम्हाला मुलीला शाळेत सोडता आलं? दिवस वाईट गेला असेल तर एकच ओळ लिहा. काहीच सुचलं नाही तर तारीख टाका आणि झोपा. वहीत कोऱ्या जागा असू देत.

रोज जमत नसेल तर रविवारी लिहा. अमेरिकेतल्याच एका प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला आणि तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही, असंही दिसलं होतं. रोजचं काम म्हणून उरकलं की त्यातला जीव जातो. मला रोजचं मानवलं, तुम्हाला आठवड्याचं मानवेल. हा नेम मोडला म्हणून प्रायश्चित्त नाही.

सांगावं कसं

इथवर सगळं सोपं आहे. अवघड आहे ते सांगणं.

आपल्याकडे घरच्या माणसाला 'धन्यवाद' म्हणायची रीत नाही. 'धन्यवाद' म्हणते ती रेल्वे स्टेशनवरची बाई, किंवा बँकेच्या फोनमधला आवाज. बायकोला म्हटलं तर ती विचारेल, "काय हो, बरं आहे ना?" आईला म्हटलं तर तिला परकं केल्यासारखं वाटेल. म्हणून आपण गप्प बसतो आणि 'तिला ठाऊकच आहे' अशी स्वतःची समजूत घालतो. तिला ठाऊक नसतं.

पण मराठीत त्यासाठी शब्द नाहीत असं थोडंच आहे? 'बरं झालं तू होतीस.' 'तुझ्यामुळे निभावलं.' 'अगदी देवासारखा धावून आलास.' 'दादा, तुम्ही थांबलात म्हणून वेळेत पोचले.' जेवण झाल्यावर जुनी माणसं 'अन्नदाता सुखी भव' म्हणून उठायची. त्यात पिकवणाऱ्यापासून वाढणाऱ्यापर्यंत सगळे आले. दसऱ्याला कारागीर आपल्या हत्याराला हळदकुंकू वाहतो. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी पंढरपूरला निघते, तेव्हा वारीत भेटणारा प्रत्येकजण दुसऱ्याला 'माउली' म्हणून वाकतो आणि दुसराही वाकतो. रीत आपल्याकडे भरपूर आहे. ती सणावारावरून उतरवून रोजच्या ओट्यापाशी आणायची आहे.

सांगताना ओळीतली नेमकी गोष्ट सांगा. माझ्या सासूबाईंना मी एका सकाळी म्हटलं, "आई, काल मला ताप होता तेव्हा तुम्ही मेथी निवडून ठेवलीत. मला उठल्यावर फक्त फोडणी घालायची राहिली होती." त्या म्हणाल्या, "त्यात काय एवढं." आणि उठून आत गेल्या. मला वाटलं, चुकलं बहुतेक. दुपारी त्या शेजारच्या काकूंना फोनवर तीच मेथी तपशिलानं सांगत होत्या.

याचाही अभ्यास झालेला आहे. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं की आभाराचं पत्र लिहिणाऱ्याला वाटतं, समोरचा अवघडेल, त्याला यात काही विशेष वाटणार नाही. प्रत्यक्षात पत्र मिळालेल्यांना अंदाजापेक्षा कितीतरी जास्त आनंद झाला होता आणि अवघडलेपण अंदाजापेक्षा कमी होतं. अडथळा बहुतेक वेळा आपल्याच मनात असतो. तोंडानं जमत नसेल तर चिठ्ठी लिहा. तीही जमत नसेल तर चहा करून द्या आणि समोर दोन मिनिटं बसा. निवृत्त झालेल्या एखाद्या शिक्षकाला, पहिल्या नोकरीत सांभाळून घेतलेल्या साहेबाला, बाळंतपणात मालिश करायला येणाऱ्या मावशींना शोधून काढून भेटून आलात, तर घरी परतताना तुमची चाल बदललेली असेल. भेटायचं ते आज-उद्यात भेटा. ही माणसं वयानं आपल्या पुढं असतात.

मिंधेपणा नको

एक धोक्याची सूचना दिल्याशिवाय हे आवाहन पुरं होणार नाही.

कृतज्ञता मागून घेता येत नाही. 'आम्ही होतो म्हणून तू शिकलीस', 'खाल्ल्या मिठाला जाग', 'उपकार मान, नोकरी आहे' ही वाक्यं ज्यांनी ऐकली आहेत त्यांना मी काय म्हणते ते कळेल. तिथून जे तयार होतं त्याला आपल्याकडे मिंधेपणा असा चपखल शब्द आहे. मिंधा माणूस खाली मान घालतो, कृतज्ञ माणूस वर बघतो. मार खाणाऱ्या बाईनं 'निदान छप्पर तरी आहे' अशी ओळ वहीत लिहू नये. पगार तीन महिने थकलेल्या कामगारानं मालकाबद्दल कृतज्ञतेची ओळ शोधत बसू नये. त्यांनी तक्रार करावी. तक्रार आणि कृतज्ञता एकाच माणसात सुखानं नांदू शकतात.

आणि नुसत्या आवाजावरही भागवू नये. २२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता आपण गॅलरीत उभं राहून थाळ्या वाजवल्या. परिचारिका, डॉक्टर, सफाई कामगार यांच्यासाठी होत्या त्या. भावना खरी होती, मीही वाजवली. पुढच्या काही आठवड्यांत देशात ठिकठिकाणी त्याच परिचारिकांना 'घर खाली करा' असं सांगितलं गेलं. थाळी वाजवली, खांदा पाहिला नाही. आजोबा दुसऱ्या दिवशी जू चढवत नसत, हे विसरून चालणार नाही. ज्याच्याबद्दल ओळ लिहिली त्याचं ओझं उद्या थोडं कमी करता येतं का, ते बघा. घंटागाडीवाल्या ताईंबद्दल लिहिलं असेल तर फुटलेली काच कागदात गुंडाळून वेगळी द्या. घरकामाच्या मावशींबद्दल लिहिलं असेल तर महिन्यातल्या सुट्ट्या ठरवून द्या. बायकोच्या डब्याबद्दल लिहिलं असेल तर आठवड्यातून दोन दिवस डबा तुम्ही करा.

शेवटचं पथ्य असं. दुःखात असलेल्याला हा उपदेश करू नका. गारपिटीनं बाग झोपलेल्या माणसाला 'जीव तर वाचला' असं म्हणू नका. हे म्हणायचा हक्क फक्त त्याचा आहे, आणि त्याच्या वेळेनं. आपल्या नाशिकच्या कुसुमाग्रजांची 'कणा' आठवून बघा. पुरात घरदार गमावलेला विद्यार्थी सरांकडे येतो. काय गेलं आणि काय राहिलं ते तोच सांगतो, सर त्याला मोजायला लावत नाहीत. त्याला पैशाची मदत नको असते, धीर हवा असतो. अशा वेळी आपणही जवळ बसावं, चहा विचारावा आणि गप्प राहावं. उद्या त्याच्या वहीत आपली ओळ येईल किंवा येणार नाही, तो आपला प्रश्न नव्हे.

आज रात्री

एवढं वाचून 'छान आहे' म्हणून मासिक मिटू नका. आज रात्री एकदा करून बघा. एक महिना करा, मग वही चाळा आणि कोणाची नावं पुन्हा पुन्हा येतात ते पाहा. ज्यांच्याकडे तुमचं लक्षच नव्हतं अशी दोन-तीन नावं तरी सापडतील. माझ्या वहीत पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त वेळा आलेलं नाव मला अपेक्षित होतं त्याचं नव्हतं. ते आमच्या सोसायटीच्या रात्रीच्या वॉचमनचं होतं. त्याआधी मला त्यांचं आडनावसुद्धा माहीत नव्हतं.

कालच्या माझ्या तीन ओळी तुमच्यासमोर ठेवते. यापेक्षा भारी काही लिहायची गरज नाही.

'सकाळी पाणी कमी दाबानं येत होतं. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी मोटर बंद केली आणि खाली येऊन सांगितलं, आता भरून घ्या.'

'मेडिकलवाल्या मुलानं गोळ्यांची तारीख स्वतःहून तपासली आणि जुनी पट्टी बदलून दिली.'

'ह्यांचा डावा खांदा दुखतोय. आठ दिवस गॅसचं सिलिंडर तेच सरकवतात, बोलले नाहीत. झोपताना तेल गरम केलं.'